पेंटरचं कॅल्शियम

आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी "बाई, हे आधी का नाही बोललीस?" असं विचारायला नको. आमच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी कॅल्शियमची एक बाटली असायची आणि तिच्यात कॅल्शियम नव्हतं. फिटच्या गोळ्या होत्या. हे नवऱ्याला ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं, लांब दिलेल्या नणंदेला ठाऊक होतं, नणंदेच्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. आणि रोज सकाळी त्या बाटलीतली गोळी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवायचं काम कुणाचं? माझं.

माझा नवरा पेंटर आहे. भिंतींचा नव्हे, अक्षरांचा. दुकानांच्या पाट्या, काचेच्या दारांवरची नावं, दवाखान्यांच्या वेळा, 'येथे वाहने उभी करू नयेत', असलं सगळं. गल्लीत त्याला पेंटरच म्हणतात, रागावली की त्याची आईही पेंटरच म्हणते, मग मी तरी का मागे राहू? मशीनवर छापलेले फलक आल्यापासून या धंद्याला उतरती कळा लागली, पण काही जुने दुकानदार अजून हाताच्या अक्षरावर अडून बसलेत. पत्र्यावर खडू लावलेला दोरा ताणायचा आणि टचकन सोडायचा, वर एक रेघ, खाली एक रेघ. मग डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवायचं आणि ब्रश असा फिरवायचा की 'ळ' काढताना रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. मीही अशीच थांबले होते. आमच्या ऑफिसच्या दारावर तो 'तक्रार निवारण कक्ष' लिहीत होता. आत निवारण कशाचंच होत नाही, पण अक्षर इतकं देखणं आलं की लोक तक्रार विसरून दाराकडेच बघत राहायचे. पुढे त्याच्या घरून रीतसर विचारणा आली, आमच्या घरच्यांनी रीतसर चौकशी केली, आणि लग्न झालं.

मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसते. दिवसभर लोक माझ्या तोंडावर खोटं बोलतात. मीटर आपोआप पळतं म्हणतात, महिनाभर घरात माणूसच नव्हतं म्हणतात, फ्रिज काय, नुसता शोभेला ठेवलाय म्हणतात. इतकी वर्षं हे ऐकून मला एक कळलंय. खोटं बोलणारा माणूस आधी घसा खाकरतो. या एका खुणेवर मी भल्याभल्यांना खिडकीवरून परत पाठवलंय आणि त्याचा मला फार तोरा होता. घरी माणसं घसा न खाकरता खोटं बोलतात हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

गल्लीत माणूस म्हणून पेंटरची ख्याती निराळीच होती. पेंटर शिडी चढत नाही. का? उंचीची भीती. वरची अक्षरं त्याचा भागीदार लिहिणार, ज्याच्या वजनाखाली शिडी कण्हते, आणि पेंटर खाली उभा राहून "वेलांटी जरा आत घे" म्हणणार. पेंटर दुचाकी चालवत नाही. का? कंजूष आहे, पेट्रोल वाचवतो. पेंटर तलावावर पोहायला येत नाही. का? अंग उघडं टाकायला लाजतो. मित्रांच्या बैठकीतून लवकर उठतो, झोपेची वेळ चुकवत नाही. का? बायकोला घाबरतो. लग्नाआधी आईला घाबरायचा. भित्रा, कंजूष, लाजरा आणि ताटाखालचं मांजर, एवढी सगळी बिरुदं बिचारा हसतहसत अंगावर मिरवत होता. का, तर एक शब्द कुणाच्या कानावर जाऊ नये. त्या एका शब्दापायी माणसाने केवढी अब्रू उधळावी, तुम्हीच सांगा.

आमच्या बाथरूमला कडी नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा माझी पहिली तक्रार तीच. सासूबाई म्हणाल्या, "लाकूड फुगलंय गं, कडी बसत नाही." मी सुतार आणला. त्याने दारावर टकटक केलं आणि म्हणाला, "लाकूड ठणठणीत आहे." सासूबाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला वाटलं, काय हा चिक्कूपणा! आत कुणी पडलं तर दार फोडायची वेळ येऊ नये म्हणून ती सोय होती, हे मला कोण सांगणार? मी आपली रोज आंघोळ करताना मोठ्याने गाणी म्हणायचे, आत माणूस आहे हे बाहेर कळावं म्हणून. शेजारी म्हणायचे, सून हौशी आहे.

सासूबाई वाईट बाई नव्हेत. शाळेत शिपाईण होत्या, नवरा लवकर गेला, दोन पोरं एकटीने वाढवली. पोरगा पहिल्यांदा पडला तो वर्गात, सगळ्या मुलांसमोर, आणि त्या स्वतः घंटा सोडून धावत आल्या होत्या. त्या दिवशी पोरं त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर बाईंच्या काळजात जाऊन बसली. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, पुन्हा कुणाला कळता कामा नये. लहानपणापासूनची जुनी गोळी तो दुकानातच घ्यायचा, ब्रशांच्या डब्यात ठेवायचा. बाहेर क्वचित कधी पडायचा तेवढं सोडलं तर बरीच वर्षं सगळं सुरळीत होतं.

मग मी एकदा माहेरी गेले असताना पेंटर दुकानात पडला. रंगाचा डबा अंगावर, तोंडाला फेस, भागीदाराने कुशीवर वळवून डोक्याखाली फडकं सरकवलं. मी परत आले तेव्हा मला सांगण्यात आलं की सांडलेल्या टर्पेंटाइनवरून पाय घसरला. सासूबाई त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. जवळचा डॉक्टर का नको? तर जवळच्या डॉक्टरकडे ओळखीचे लोक बसलेले असतात. त्या नव्या डॉक्टरने जुनीच्या जोडीला एक नवी गोळी दिली आणि बजावलं की ही अगदी थोडी सुरू करायची, हळूहळू मीच वाढवीन, मनाने एक कणही वाढवायचा नाही. अंगावर पुरळ आलं, ताप आला, तोंडात फोड आले, तर लगेच गोळी थांबवून धावत या. क्वचितच कुणाला होतं, पण झालं तर जिवावर बेततं. मायलेकांनी मान हलवली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की पेंटरची हाडं ठिसूळ निघालीत आणि त्याला कॅल्शियम सुरू केलंय.

बरं, लपवायचंच होतं तर दुकानात नाही का लपवायचं? पण नाही. पेंटर विसराळू, आणि नवी गोळी चुकवून चालणार नव्हतं. मग सासूबाईंना वाटलं, आपली सून घड्याळाच्या काट्यावर चालणारी, तिच्या हाती दिली की काळजी मिटली. म्हणजे ज्या बाईपासून लपवायचं तिच्याकडूनच काम करून घ्यायचं. असं डोकं कुठल्या कचेरीत असतं तर आज त्या कचेरीचं भलं झालं असतं!

मी बाटली उघडून म्हटलं, "एवढीशी? आमच्या ऑफिसातल्या बायका घेतात त्या खडूच्या तुकड्याएवढ्या असतात."

"ही भारीतली आहे," सासूबाई म्हणाल्या. "आकार लहान, जोर जास्त."

याला खोटं तरी कसं म्हणू? जोर खरंच जास्त होता.

थोडे दिवस गेले आणि पेंटर मलूल दिसायला लागला. चार अक्षरं काढली की खाली बसायचा. गरगरतंय म्हणायचा. माझा जीव कासावीस झाला. माझं लग्न उशिरा झालं, स्वभाव माझा तापट, आणि या माणसाने माझा आवाज चढला तरी कधी आवाज चढवला नव्हता. त्याला मी असं वाळू देणार होते काय? मी ठरवलं, हाडं कच्ची तर औषध पक्कं. एके सकाळी चहाच्या कपाशेजारी दोन गोळ्या ठेवल्या.

"आजपासून दोन," मी म्हटलं.

पेंटरने आईकडे बघितलं. आईने पेंटरकडे बघितलं.

"एक पुरे गं," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"उष्ण पडतात."

"कॅल्शियम उष्ण? आई, मुलाच्या हाडांतसुद्धा काटकसर करायची का?"

माझा आवाज असा आहे की शेजारच्या खिडक्या आपसूक उघडतात. सासूबाई आमची खिडकी लावायला उठल्या. पेंटरने दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या, वरून पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "चहा मस्त झालाय." मी त्याला आ करायला लावला, जिभेखाली बघितलं, कारण खिडकीत बसून बसून मला कुणाचाच भरवसा वाटत नाही. दोन्ही गोळ्या गेल्या होत्या. मला फार बरं वाटलं.

रोज दोन. सासूबाई मागच्या दाराने बाटली भरत राहिल्या. त्यांनी स्वतःच्या मनाची समजूत घातली होती, ती त्यांनी मला पुढे हॉस्पिटलच्या बाकावर बसून सांगितली. "नाहीतरी डॉक्टर पुढे वाढवणारच होता. म्हटलं, जरा आधी वाढली." आता या वाक्यावर मी हसू की रडू ते मला त्या बाकावरही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.

मग पेंटरला ताप भरला. डोळे लाल झाले, घसा दुखायला लागला आणि छातीवर लाल ठिपके उठले. झालं! सल्ला द्यायला माणसं कधी कमी पडलीत? भागीदार म्हणाला, रंगातलं शिसं बाधलं. नणंद फोनवरून म्हणाली, अंडी बंद करा. शेजारीण म्हणाली, घरात नवा साबण आणलाय का? आणला होता. साबण गेला. अंडी गेली. मग शेंगदाणे गेले, वांगी गेली, माझ्या माहेरून आलेली लोकरीची चादर गेली, कारण सासूबाईंच्या मते लोकर उलटते. टर्पेंटाइनची बाटली अंगणाच्या कोपऱ्यात गेली. कोरफडीचा गर लावून झाला, काकडीचा रस लावून झाला. जिच्या तिच्या घरातल्या कुणाला तरी असंच झालं होतं आणि त्याला जे लागू पडलं ते सगळं पेंटरच्या अंगावर थापण्यात आलं. घरातली एकेक वस्तू संशयावरून बाहेर काढली. एका वस्तूवर मात्र कुणाचा संशय नव्हता, म्हणजे माझा नव्हता. अशक्तपणा आलाय म्हणून ती वस्तू मी दुधातून द्यायला लागले.

कोपऱ्यावरचे डॉक्टर घरी आले. माणूस सज्जन. त्यांनी ठिपके बघितले, डोळे बघितले आणि विचारायचं ते नीट विचारलं.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही कसं? कॅल्शियम आहे ना," मी म्हटलं. "रोज दोन. मी स्वतः देते."

"कॅल्शियमने काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "चालू ठेवा."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मुलाच्या काळजीने. तीही होतीच म्हणा. पेंटर भिंतीकडे तोंड करून पडला होता. डॉक्टरांनी पुरळाची गोळी आणि एक मलम लिहून दिलं. जाता जाता पेंटरला म्हणाले, "अजून काही सांगायचंय का?" आणि हा माणूस, बरं का, लाल डोळ्यांनी त्यांच्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या पाटीवरचं 'वैद्यकीय' उडायला लागलंय, बरा झालो की करून देतो."

ठिपक्यांचे फोड झाले. ओठ सुजून काळे पडले, तोंडात पांढरे चट्टे आले, थुंकी गिळवेना. डोळ्यांना चिकटा धरला, पापण्या उघडेनात. एका सकाळी मी त्याला उठवायला दंडाला धरलं आणि माझ्या बोटांखाली कातडी सरकली. ओल्या कागदावरचा रंग सरकावा तशी सरकली. मी किंचाळले. त्या दिवशी ना अंडं ना साबण, मी टॅक्सी बोलावली आणि त्याला चादरीत गुंडाळून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सासूबाई मागे बसल्या होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "उष्णता आहे, उष्णता आहे." टॅक्सीवालासुद्धा म्हणाला, "ताई, काहीतरी खाण्यातून गेलंय."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चादर बाजूला केली आणि त्यांचा चेहराच पालटला. नर्सला भराभर काहीतरी सांगितलं, मग आमच्याकडे वळल्या.

"हे औषधाची बाधा झाल्यासारखं दिसतंय. गेल्या महिना-दोन महिन्यांत नवीन काय सुरू केलं?"

"काही नाही," सासूबाई.

"नीट आठवा. ते औषध आत्ता थांबवलं नाही तर मी काहीही करून उपयोग नाही. डोळे जातील. जीवही जाईल."

डोळे जातील? पेंटरचे डोळे! मी पर्समधून ती बाटली काढली. हो, सोबत नेली होती मी. दवाखान्यात खोळंबा झाला तर सकाळचा डोस चुकायला नको म्हणून. "एवढंच हो," मी म्हटलं. "कॅल्शियम."

बाईंनी गोळी तळहातावर घेतली, उलटी केली, उजेडात धरली. "हे कॅल्शियम नाही. कशाची गोळी आहे ही?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर पाण्याची टाकी सोडून बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"आजी, कशाची गोळी आहे?"

"कॅल्शियमची," सासूबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. पेंटरला बोलता येत नव्हतं. ओठ एकमेकांना चिकटले होते, आतून नुसता घोगरा आवाज येत होता. जन्मभर जो शब्द तोंडाबाहेर काढला नाही तो आता काढायचा होता आणि तोंड उघडत नव्हतं. त्याने दोन्ही हात वर उचलले, फोड आलेले, सोललेले हात. मुठी आवळल्या. मान एका बाजूला वळवली. आणि मग सगळं अंग ताठ करून ते हात झटक्याझटक्याने हलवायला लागला. खोटंखोटं. मुद्दाम. चिकटलेल्या पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघत. लहानपणी वर्गात सगळ्यांसमोर जे झालं, ज्याच्या भीतीने हा माणूस शिडी चढला नाही की तलावात उतरला नाही, तेच तो भर वॉर्डात, वेदनेने कळवळत, मला करून दाखवत होता. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

"काही नाही, काही नाही!" सासूबाई त्याचे हात धरायला धावल्या. "थंडी वाजतेय त्याला! पंखा बंद करा!"

"आई!" मी ओरडले. अशी ओरडले की वॉर्डबॉय दारात आला. "त्याला फिट येते?"

सासूबाईंनी त्याचे हात सोडले. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि हळू आवाजात, मी जणू तिथे नव्हतेच अशा थाटात म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्यासमोर नको. लग्न मोडेल हो त्याचं."

मला सांगा, याला काय म्हणायचं? पोरगा कातडी टाकून मरायला टेकलाय, आणि बाई वाचवतायत काय, तर लग्न. कुणाशी? तो मेल्यावर मी कुणाशी संसार करणार होते, कॅल्शियमच्या बाटलीशी? मला भयंकर संताप आला. आणि संतापाच्या आत भीती होती, निव्वळ भीती, की हा माणूस आता माझ्या हातून जातो.

मग सासूबाईंनी सांगितलं. सगळं. उभ्याउभ्या, शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं. डॉक्टरीणबाईंनी ती गोळी तिथल्या तिथे बंद करायला सांगितली, फिटसाठी दुसरं औषध सुरू केलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. मग विचारलं, "एक गोळी होती, मग दोन कुणी केल्या?"

"मी," मी म्हटलं. "आणि हे बघा, मला अपराधी वाटून घ्यायला सांगू नका. मी माझ्या नवऱ्याला कॅल्शियम दिलंय. मनापासून दिलंय."

"मी कुठे काय म्हणाले?" त्या म्हणाल्या. थकलेल्या होत्या, पण हसल्या थोडं. "गोळी वाईट नाही हो. कितीतरी जण वर्षानुवर्षं घेतात, त्यांना काही होत नाही. हजारात एखाद्याचं अंग तिच्यावर असं उलटतं. एकदम वाढवली तर धोका जास्त, म्हणून कणाकणाने वाढवतात. आणि पहिल्या ठिपक्याला आला असतात तर बहुतेक एवढं झालं नसतं. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, आजी?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"वाटलं, घामोळं असेल," सासूबाई म्हणाल्या. आणि तेव्हा मात्र त्या खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मी त्यांना उठवलं नाही. खोटं कशाला सांगू, बराच वेळ उठवलं नाही.

पेंटर वाचला. भाजलेल्या माणसाला ठेवतात तसं त्याला जाळीच्या पडद्याआड ठेवलं होतं, अंगाला पट्ट्या, डोळ्यांत दिवसभर थेंब. नजर किती राहील ते डोळ्यांचे डॉक्टर सांगेनात. "थांबा आणि बघा," म्हणाले. मोठी माणसं, त्यांना बोलायला सोपं.

आता गंमत ऐका. भागीदार भेटायला आला, मी बाहेरच गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?" "वहिनी, दुकानात तर पडायचा, मला नाही कळणार?" वाणी आला, त्यालाही ठाऊक होतं, त्याच्या पाटीचं काम चालू असताना एकदा झालं होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला आला, तो तर जुनी गोळी विकायचा. शेजारीण म्हणाली, "अगं, आम्हाला वाटलं तुला ठाऊक असेल, म्हणून तर आम्ही विषय काढत नव्हतो." सुतारालासुद्धा अंदाज होता. सबंध गल्लीला ठाऊक होतं आणि सबंध गल्ली त्याला भित्रा, कंजूष म्हणून हसत होती, का, तर त्याला वाटू नये की आपल्याला ठाऊक आहे. एवढा मोठा समंजसपणा! गुपित राहिलं होतं ते दोघांपासून, मी आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर.

शेवटी मी आईला फोन केला, माझ्या आईला. मी नुसतं "त्याला औषध बाधलं" एवढंच म्हटलं.

"फिटचंच ना?" आई म्हणाली.

मी जिन्यातच बसले. "तुला कसं ठाऊक?"

"लग्नाआधी तुझ्या मामाने चौकशी केली होती ना. तेव्हाच कळलं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस. मुलगा लाखात एक होता गं. अशी माणसं मिळतात कुठे? फिट तर गोळीने थांबते."

"आणि त्यांना सांगितलंत का, की आम्हाला ठाऊक आहे?"

"छे! त्यांना वाईट वाटलं असतं. आणि हे बघ, तुझा स्वभाव तरी आम्ही त्यांना कुठे सांगितला होता?"

मी फोन ठेवला. इतक्या माणसांनी आमच्यावर इतकं प्रेम केलं होतं की पेंटर त्याने मरणारच होता.

आत गेले. पडद्याआड खुर्ची ओढून बसले. त्याचे डोळे किलकिले होते, मी दिसत होते की नुसती सावली, कोण जाणे. मी त्याला एकेकाचं नाव सांगत गेले, भागीदार, वाणी, औषधवाला, शेजारीण, सुतार, माझा मामा, माझी आई. आईचं नाव आल्यावर त्याच्या छातीतून एक उबळ आली. मी घाबरले, मग कळलं, हसतोय. हसताना खालचा ओठ फुटला आणि रक्त आलं. मी कापूस लावला.

"हसू नकोस," मी म्हटलं. "मला एकच सांग. तुला ठाऊक होतं ती गोळी कशाची आहे. एकच घ्यायची हेही ठाऊक होतं. मी दुसरी दिली तेव्हा नुसतं 'नको' म्हणता येत नव्हतं? का गिळलीस?"

त्याने मान माझ्याकडे वळवली. मग ओठ न हलवता, घशातूनच, एकेक शब्द ओढत म्हणाला, "तू विचारलं असतंस... का नको."

नर्स पडदा सारून आत आली आणि माझ्यावर डाफरली, "ताई, पेशंटला बोलायला लावू नका."

"बोलू द्या हो, सिस्टर," मी म्हटलं. "न बोलूनच तर इथे आलाय तो."